महाराष्ट्रातील सदनिका खरेदीदाराचे कायदेशीर व आर्थिक संरक्षण : एक ऐतिहासिक अभ्यास

बीजसंज्ञा : सदनिका, साठेखत, अभिहस्तांतरण, मोफा, महारेरा, गुंतवणूकदार

प्रस्तावना

'घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून' ही म्हण ज्या समाजात रूढ झाली, त्या समाजात घर बांधणारा आणि घराचा मालक ही बहुधा एकच व्यक्ती होती. जमीन त्याची, गवंडी-सुतार त्यानेच लावलेले आणि होणारा मनस्तापही त्याचाच. विसाव्या शतकाच्या मध्यावर मुंबईत व पुढे पुणे, ठाणे, नाशिक, नागपूर या शहरांत हे चित्र पालटले. दुसऱ्याच्या जमिनीवर, तिसऱ्याने बांधावयाच्या आणि अद्याप अस्तित्वातच नसलेल्या घरासाठी मध्यमवर्गीय कुटुंब आपली आयुष्याची पुंजी आगाऊ देऊ लागले. सदनिका ही निवाऱ्याची वस्तू राहिलीच, पण त्याबरोबर ती गुंतवणुकीचे प्रमुख साधनही बनली.

अशा व्यवहारात खरेदीदारापुढे चार धोके उभे असतात. विकणाऱ्याचा जमिनीवरील हक्क सदोष असणे, बांधकामास परवानगी नसणे, दिलेला पैसा अन्यत्र वळविला जाणे आणि घर हाती आल्यावर त्याचा ताबा किंवा त्याखालची जमीन कायद्याने आपली न होणे, असे हे चार धोके होत. महाराष्ट्रात या चारही धोक्यांवर कायदे झाले. परंतु ते एकाच वेळी झाले नाहीत आणि बहुतेक वेळा नुकसान होऊन गेल्यावर झाले. या कायद्यांचा क्रम पाहिला असता एक गोष्ट स्पष्ट होते. कायद्याने प्रथम दस्तऐवजाचे रक्षण केले, पैशाचे रक्षण पुष्कळ उशिरा केले आणि जमिनीचे रक्षण आजही प्रामुख्याने खरेदीदाराच्या स्वतःच्या हालचालीवर सोपविलेले आहे. प्रस्तुत निबंधात या विधानाची ऐतिहासिक चिकित्सा केली आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) स्थावर मिळकतीच्या खरेदीदारास मिळालेल्या कायदेशीर संरक्षणाचा कालानुक्रमे आढावा घेणे.
२) १९६३ च्या सदनिका अधिनियमाचे यश व मर्यादा तपासणे.
३) २०१६ नंतर पैशाच्या संरक्षणात झालेला बदल समजून घेणे.
४) गुंतवणूकदार व ग्राहक यांत कायद्याने केलेल्या भेदाचा विचार करणे.

संशोधन पद्धती

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. संबंधित अधिनियम, त्यांत वेळोवेळी झालेल्या सुधारणा आणि उच्च व सर्वोच्च न्यायालयांचे निर्णय हा अभ्यासाचा आधार आहे. अभ्यासक्षेत्र महाराष्ट्र राज्यापुरते मर्यादित असून केंद्रीय कायद्यांचा विचार राज्यातील खरेदीदाराच्या संदर्भात केला आहे.

गोही ते दुय्यम निबंधक

मराठा काळात मिरास जमिनीची विक्री ही केवळ दोन व्यक्तींमधील खाजगी बाब नव्हती. खरेदीखतावर गोही, म्हणजे साक्षीदार, असत. वाद उद्भवल्यास गोतसभा बसे, तिच्या निर्णयाचा मजहर होई आणि त्यावर शेतकऱ्याचा नांगर, वाण्याचा तराजू अशा निशाण्या उमटत. पुढे कोणी हरकत घेतल्यास तिचे निवारण विकणाऱ्याने करावे, अशी हमीही खरेदीखतात लिहून घेतली जाई. खरेदीदाराचे संरक्षण व्यवहार चारचौघांत जाहीर असण्यात होते. जमीन कोणाची, तिच्यावर कोणाचा वाटा आहे, हे गावाला ठाऊक असे.

इंग्रजी अमलात गावाच्या स्मरणाची जागा सरकारी दप्तराने घेतली. १८६४ पासून दस्त नोंदणीचे कायदे एकामागून एक होत गेले आणि १९०८ च्या नोंदणी अधिनियमाने त्यांना स्थिर रूप दिले. १०० रुपये वा त्याहून अधिक मूल्याच्या स्थावर मिळकतीत हक्क निर्माण करणाऱ्या दस्ताची नोंदणी सक्तीची झाली. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण अधिनियम मुंबई इलाख्यास १ जानेवारी १८९३ पासून लागू झाला. त्याच्या कलम ५५ ने मिळकतीतील व हक्कातील, खरेदीदारास साध्या चौकशीने न कळणारे दोष उघड करण्याचे बंधन विकणाऱ्यावर घातले.

तथापि या दोन्ही कायद्यांत एक मोठी पोकळी होती. दुय्यम निबंधक दस्ताची नोंद करतो, हक्काची हमी देत नाही. ज्याची जमीन नाही अशा माणसाने लिहून दिलेले खरेदीखतही नोंदले जाऊ शकते, आणि नोंदले गेल्याने ते निर्दोष ठरत नाही. दुसरे असे की, कलम ५४ प्रमाणे विक्रीचा करार, म्हणजेच साठेखत, स्वतःहून मिळकतीत कोणताही हक्क निर्माण करीत नाही. त्याची नोंदणीही सर्वसाधारण कायद्याने सक्तीची नव्हती. तयार घर व तयार जमीन यांच्या व्यवहारात साठेखत ते खरेदीखत हा काळ अल्प असे, म्हणून ही पोकळी फारशी जाणवली नाही. सदनिकेच्या व्यवहारात मात्र हा काळ वर्षांचा, क्वचित दशकांचा झाला. खरेदीदार पूर्ण रक्कम देऊन केवळ साठेखताच्या आधारावर राहू लागला.

भाडेनियंत्रण आणि 'ओनरशिप'ची सदनिका

मुंबईत स्वतःची सदनिका घेण्याची प्रथा का वाढली, याचे उत्तर बऱ्याच अंशी भाडेनियंत्रणात आहे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस १९१८ मध्ये मुंबईत भाड्यावर निर्बंध आले. पुढे १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण अधिनियमाने प्रमाण भाडे सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधले. त्यामुळे भाडेकरूस स्थैर्य मिळाले, पण भाड्यासाठी इमारत बांधणे हा तोट्याचा धंदा ठरला. चाळी बांधून भाडे घेणारा मालक मागे पडला आणि सदनिका विकून मोकळा होणारा बांधकाम व्यावसायिक पुढे आला. जुन्या घरांत पागडीची पद्धत रुजली. भाडेकरू मोठी रक्कम देई, पण तिची पावती नसे. कारण असे घेणे कायद्याने निषिद्ध होते.

सहकाराचा पर्याय यापूर्वीच उपलब्ध झाला होता. मुंबईत गावदेवी येथे १९१५ मध्ये सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली आणि रावबहादूर तलमकी यांनी या चळवळीचा पाया घातला. येथे सभासदच एकत्र येऊन घरे उभारीत, म्हणून विकणारा आणि विकत घेणारा असा हितविरोध नव्हता. परंतु फाळणीनंतर वाढलेल्या लोकसंख्येस सहकाराची संथ गती पुरेशी पडली नाही. ती जागा खाजगी प्रवर्तकांनी घेतली आणि त्यांच्यावर अंकुश ठेवणारा कायदा त्या वेळी नव्हता.

१९६३ चा अधिनियम : आशय आणि मर्यादा

मालकी हक्काच्या सदनिकांच्या व्यवहारांतील गैरप्रकारांची चौकशी करण्यासाठी राज्य शासनाने २० मे १९६० रोजी, म्हणजे महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेस तीन आठवडेही होण्यापूर्वी, एक समिती नेमली. समितीने जून १९६१ मध्ये अहवाल दिला आणि त्यातून १९६३ चा महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिकांबाबतचा अधिनियम जन्मास आला. तो 'मोफा' या नावाने ओळखला जातो.

त्यातील तरतुदी आजही वाचण्यासारख्या आहेत. प्रवर्तकाने जमिनीवरील आपला हक्क, तिच्यावरील बोजा, मंजूर नकाशे व ताबा देण्याची तारीख उघड केली पाहिजे. आगाऊ रक्कम घेण्यापूर्वी लेखी करार करून तो नोंदविला पाहिजे. अधिनियमाच्या सुधारित स्वरूपात, करारापूर्वी विक्रीकिमतीच्या २० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. खरेदीदारांच्या संमतीवाचून नकाशात बदल करता येत नाही आणि करार झाल्यावर मिळकत गहाण टाकता येत नाही. ठरल्या तारखेस ताबा न दिल्यास ९ टक्के व्याजाने रक्कम परत करावी लागते आणि त्या रकमेचा बोजा जमिनीवर राहतो. साठेखतास नोंदणीचे बळ देऊन मोफाने जुन्या कायद्यातील पोकळी बऱ्याच अंशी भरून काढली.

पैशाच्या संदर्भात मात्र कायदा अर्ध्या वाटेवर थांबला. कलम ५ प्रमाणे प्रवर्तकाने खरेदीदारांकडून घेतलेल्या रकमा स्वतंत्र खात्यात ठेवाव्यात आणि तो त्या रकमांचा विश्वस्त समजला जावा, असे ठरले. तत्त्व उत्तम होते. पण खात्यातून किती रक्कम केव्हा काढावी यावर बांधकामाच्या प्रगतीचा कोणताही लगाम नव्हता. हिशेब उघड करण्याचे बंधनही शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याने लेखी मागणी केल्यावरच येत असे. खरेदीदारास ते खाते पाहण्याचा मार्ग नव्हता. एका इमारतीचा पैसा दुसऱ्या जमिनीच्या खरेदीस वापरण्याची चाल या मोकळिकीतच वाढली. कायद्याने विश्वस्त नेमला खरा, पण त्याच्यावर देखरेख करणारा नेमला नाही.

आर्थिक संरक्षणाला आणखी एक छिद्र खरेदीदाराने स्वतः पाडले. मुद्रांक शुल्क व आयकर वाचविण्यासाठी किमतीचा काही भाग रोखीत देण्याची प्रथा दोन्ही पक्षांच्या संमतीने चालली. शासनाने १९८६ पासून आयकर कायद्यात कमी दाखविलेल्या किमतीच्या मिळकती स्वतः विकत घेण्याची तरतूद केली. ती मोठ्या शहरांतील ठरावीक मर्यादेवरील व्यवहारांना लागू होती आणि १ जुलै २००२ पासून बंद झाली. या प्रथेचा फटका प्रामुख्याने खरेदीदारास बसला. व्यवहार मोडल्यास परत मिळते ती करारात लिहिलेली रक्कम. जी रक्कम दस्तात नाही, तिच्यावर व्याज नाही, बोजा नाही आणि दादही नाही.

१९७७ मध्ये एचडीएफसीची स्थापना झाली आणि गृहकर्ज मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले. त्यामुळे रोखीचा वाटा काही प्रमाणात घटला व कागदपत्रांची छाननी वाढली. मात्र कर्ज मंजूर झाले म्हणजे हक्क निर्वेध आहे, असा एक समजही रुजला. वास्तविक बँकेचा शोध अहवाल बँकेच्या रकमेपुरता असतो. तिच्याजवळ कर्जदाराच्या पगाराचेही तारण असते. खरेदीदाराजवळ सदनिकेखेरीज दुसरे तारण नसते.

भाड्याने दिलेली सदनिका : १९७३ चा धडा

सदनिका केवळ राहण्यासाठी न घेता उत्पन्नासाठी घेणाऱ्यांना १९७३ मध्ये जबर धक्का बसला. भाडेनियंत्रणाच्या कक्षेबाहेर राहण्यासाठी अनेक मालकांनी भाडेकराराऐवजी 'लिव्ह अँड लायसन्स' म्हणजे परवाना करार करण्यास सुरुवात केली होती. १९७३ च्या सुधारणेने १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू परवान्यान्वये प्रत्यक्ष ताब्यात असलेल्या व्यक्तीस संरक्षित भाडेकरूचा दर्जा दिला. करारात काय लिहिले आहे, याला त्यानंतर अर्थ उरला नाही. काल अकरा महिन्यांसाठी दिलेले घर आज कायमचे हातचे गेले.

राहणाऱ्याच्या दृष्टीने ही सुधारणा न्याय्य होती, कारण परवान्याच्या नावाखाली अनेक ठिकाणी भाडेकरूचे हक्क टाळले जात होते. परंतु तिची दहशत दीर्घकाळ टिकली. घर रिकामे राहिले तरी चालेल, पण परक्यास देऊ नये, ही मनोवृत्ती मुंबई-पुण्यात पक्की झाली. अखेर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला आणि त्याने समतोल साधण्याचा प्रयत्न केला. परवान्याची मुदत संपल्यावर सक्षम प्राधिकरणाकडून ताबा परत मिळविण्याचा व ताबा न सोडल्यास दुप्पट शुल्क घेण्याचा हक्क कलम २४ ने मालकास दिला. त्याबरोबरच कलम ५५ ने करार लेखी व नोंदणीकृत असण्याची जबाबदारी मालकावर टाकली. नोंदणी नसल्यास, करारातील अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. काही हजार रुपयांचा नोंदणीखर्च टाळणारा मालक त्यामुळे आपल्याच हाताने पुरावा गमावतो.

जमीन कोणाची ? अभिहस्तांतरणाचा प्रश्न

मोफाच्या कलम १० व ११ प्रमाणे प्रवर्तकाने खरेदीदारांची संस्था स्थापन करावी आणि जमीन व इमारत यांचे अभिहस्तांतरण तिच्या नावे करावे, असे बंधन होते. अन्य मुदत ठरलेली नसल्यास संस्था नोंदल्यापासून चार महिन्यांत हे काम व्हावयाचे होते. ते न करणे हा शिक्षेस पात्र अपराधही ठरविण्यात आला. प्रत्यक्षात राज्यातील हजारो गृहनिर्माण संस्था वर्षानुवर्षे जमिनीच्या मालकीवाचून राहिल्या. रहिवासी मालमत्ता कर भरीत, दुरुस्त्या करीत, सदनिका विकीत-घेत, परंतु सातबारा उताऱ्यावर वा मिळकत पत्रिकेवर नाव मूळ जमीनमालकाचे वा विकासकाचेच राही.

विकासकास अभिहस्तांतरण लांबविण्यात लाभ होता. चटई क्षेत्र निर्देशांक वाढल्यास किंवा हस्तांतरणीय विकास हक्क उपलब्ध झाल्यास त्याच जमिनीवर आणखी बांधकाम करण्याची वाट त्यामुळे खुली राही. रहिवाशांना निकडीची गरज भासत नव्हती, कारण घराचा ताबा त्यांच्याकडे होता. इमारत जुनी झाली आणि पुनर्विकासाचा विषय निघाला की, बुडाखालची जमीन आपली नाही हे तेव्हा कळे. तोवर मूळ जमीनमालकाचे वारस वाढलेले, भागीदारी संस्था विसर्जित झालेली आणि कुलमुखत्यारपत्र देणारा हयात नसलेला, अशी स्थिती अनेक ठिकाणी असे.

या प्रश्नावरील उपाय मानीव अभिहस्तांतरणाच्या रूपाने आला. मोफातील ही सुधारणा २५ फेब्रुवारी २००८ पासून अमलात आली. विकासकाने सही न केल्यास संस्थेने जिल्हा उपनिबंधकाकडे, म्हणजे सक्षम प्राधिकाऱ्याकडे, अर्ज करावा. चौकशीअंती त्याने प्रमाणपत्र द्यावे आणि त्याआधारे एकतर्फी अभिहस्तांतरण नोंदविले जावे, अशी ही योजना आहे. मूळ कायद्यानंतर तब्बल पंचेचाळीस वर्षांनी हा मार्ग मिळाला. त्यातही पुढाकार संस्थेनेच घ्यावयाचा आहे. जी संस्था अर्ज करीत नाही, तिच्यासाठी २००८ ची सुधारणा असून नसल्यासारखी आहे.

याच काळात न्यायालयांनीही दोन महत्त्वाचे मुद्दे स्पष्ट केले. ३१ ऑगस्ट २०१० रोजी नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्था या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने इमारतीच्या खांबांखालील वाहनतळ ही स्वतंत्रपणे विकण्याजोगी सदनिका नाही, असा निर्णय दिला. पुढे ऑक्टोबर २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात त्याच न्यायालयाने कुलमुखत्यारपत्र, साठेखत व मृत्युपत्र यांच्या आधारे केलेल्या 'विक्री'मुळे मालकी मिळत नाही, असे सांगितले. १८८२ च्या कायद्यातील कलम ५४ चा अर्थ सव्वाशे वर्षांनी पुन्हा उच्चारावा लागला, यातच व्यवहार आणि कायदा यांतील अंतर दिसून येते.

परवानगीबाहेरचे मजले

हक्क निर्दोष असूनही घर बेकायदेशीर असू शकते, याचे ठळक उदाहरण मुंबईत वरळी येथील कॅम्पा कोला आवाराचे आहे. तेथे १९८० च्या दशकात सात इमारती उभ्या राहिल्या व त्यांत मंजुरीपेक्षा अधिक मजले चढविले गेले. भोगवटा प्रमाणपत्र नसताना सदनिका विकल्या गेल्या आणि कुटुंबे राहावयास आली. २७ फेब्रुवारी २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे मजले नियमित करण्यास नकार दिला. २०१४ मध्ये महापालिकेने त्या सदनिकांचा वीज, पाणी व गॅस पुरवठा तोडण्याची कारवाई केली. बांधकामानंतर पाव शतकाने शंभराच्या आसपास कुटुंबांवर घर सोडण्याची वेळ आली. न्यायालयाने खरेदीदारांना विकासकांविरुद्ध भरपाई मागण्याची मोकळीक ठेवली, पण इतक्या वर्षांनंतर ती वसूल करणे हे निराळेच काम होते.

या प्रकरणाचे ऐतिहासिक महत्त्व असे की, सहानुभूती आणि दीर्घकाळचा वहिवाटीचा ताबा यांना न्यायालयाने परवानगीचा पर्याय मानले नाही. भोगवटा प्रमाणपत्राशिवाय ताबा देऊ-घेऊ नये, ही अट मोफात १९६३ पासून होती. विकासकाने ती मोडली, खरेदीदाराने तिच्याकडे डोळेझाक केली आणि महापालिकेने वेळीच हस्तक्षेप केला नाही. नुकसान मात्र तिघांपैकी एकाच्याच वाट्यास आले.

२०१६ नंतर : पैशावर लगाम

मोफाचा भर दिवाणी व फौजदारी न्यायालयांवर होता आणि ती वाट लांबची होती. ५ नोव्हेंबर १९९३ रोजी लखनौ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गृहबांधणी ही ग्राहक संरक्षण कायद्याच्या अर्थाने सेवा असल्याचे मान्य केले आणि खरेदीदारास ग्राहक मंचाचा मार्ग खुला झाला. तरीही दाद मागावयाची ती नुकसान झाल्यावरच. आधीच नियमन करणारी यंत्रणा नव्हती. महाराष्ट्राने त्यासाठी २०१२ चे गृहनिर्माण विधेयक मंजूर केले व त्यास २०१४ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली. परंतु केंद्राच्या २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाने ते निरसित केले. केंद्रीय अधिनियम १ मे २०१७ पासून पूर्णपणे अमलात आला. त्याआधी, मार्च २०१७ मध्ये, महारेरा या प्राधिकरणाची स्थापना झाली होती.

या अधिनियमातील खरा बदल पैशासंबंधी आहे. खरेदीदारांकडून मिळालेल्या रकमेच्या ७० टक्के भाग प्रकल्पाच्या स्वतंत्र बँक खात्यात ठेवावा लागतो. तो केवळ जमीन व बांधकाम यांच्या खर्चासाठी, बांधकामाच्या प्रगतीच्या प्रमाणात आणि वास्तुविशारद, अभियंता व सनदी लेखापाल या तिघांच्या प्रमाणपत्रानंतरच काढता येतो. खात्याची वार्षिक लेखापरीक्षा होते. १९६३ च्या कलम ५ मधील विश्वस्ताला अशा रीतीने देखरेख लाभली. करारापूर्वी घ्यावयाच्या रकमेची मर्यादा २० वरून १० टक्क्यांवर आली. नोंदणीशिवाय जाहिरात वा विक्री करता येईना. मात्र ५०० चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा आठपर्यंतच्या सदनिका असलेले प्रकल्प या सक्तीतून वगळले गेले. प्रकल्पाची माहिती संकेतस्थळावर सर्वांना पाहता येऊ लागली. मजहरावरील निशाण्यांनी जी जाहीर प्रसिद्धी साधली होती, ती वेगळ्या साधनाने पुन्हा प्रस्थापित झाली, असे म्हणता येईल.

जमिनीच्या हक्कातील दोषामुळे नुकसान झाल्यास भरपाईच्या दाव्यास मुदतीची आडकाठी राहणार नाही, हे कलम १८ मध्ये स्पष्ट केले आहे. विलंब झाल्यास खरेदीदार प्रकल्पातून बाहेर पडून सव्याज परतावा मागू शकतो किंवा ताबा मिळेपर्यंत दरमहा व्याज घेऊ शकतो. मुंबई उच्च न्यायालयाने ६ डिसेंबर २०१७ रोजी नीलकमल रिअल्टर्स प्रकरणात अधिनियमाची घटनात्मक वैधता मान्य केली. तथापि आदेश मिळणे आणि रक्कम हाती येणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. महारेराच्या आदेशाची वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते. विकासकाकडे जप्त करण्याजोगी मिळकतच नसेल तर वसुली अडते.

गुंतवणूकदार की ग्राहक ?

विकासक दिवाळखोर झाल्यास खरेदीदाराचे स्थान कोणते, हा प्रश्न त्यानंतर पुढे आला. ६ जून २०१८ च्या अध्यादेशाने दिवाळखोरी संहितेत सदनिका खरेदीदारास वित्तीय धनकोचा दर्जा मिळाला. ९ ऑगस्ट २०१९ रोजी पायोनियर अर्बन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही सुधारणा वैध ठरविली. डिसेंबर २०१९ मध्ये मात्र एकट्या खरेदीदाराचा मार्ग बंद झाला. त्याच प्रकल्पातील किमान १०० किंवा १० टक्के खरेदीदारांनी, यांपैकी जी संख्या कमी असेल तितक्यांनी, एकत्र यावे अशी अट आली.

येथेच गुंतवणूकदार व घर घेणारा यांतील भेद महत्त्वाचा ठरला. स्थावर संपदा अधिनियमातील वाटपग्राही या संज्ञेत असा भेद नाही. दुसरी सदनिका घेणारासही तेथे दाद मागता येते. ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूने केलेली खरेदी वगळलेली आहे, परंतु केवळ एकाहून अधिक घरे घेतल्याने हेतू व्यापारी ठरत नाही, अशी भूमिका राष्ट्रीय आयोगाने घेतली आहे. दिवाळखोरी संहितेच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये मानसी ब्रार फर्नांडिस प्रकरणात वेगळी रेषा आखली. ताबा घेण्याचा हेतू नसलेला, ठरावीक परताव्याच्या किंवा पुनर्खरेदीच्या हमीवर पैसा गुंतविणारा सट्टेबाज गुंतवणूकदार हा मार्ग वापरू शकत नाही, असे न्यायालयाने म्हटले. 'हमखास परतावा' देणारा करार वरकरणी अधिक सुरक्षित भासतो. प्रत्यक्षात तोच करार खरेदीदाराला घर घेणाऱ्यांच्या रांगेतून बाहेर काढतो.

निष्कर्ष

१) महाराष्ट्रातील खरेदीदाराच्या संरक्षणाचा विकास दस्त, ताबा, जमीन व पैसा अशा तुकड्यातुकड्यांनी झाला. प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्यातील नुकसानीनंतर आला.

२) कायद्याच्या अभावापेक्षा अंमलबजावणीच्या अभावाने खरेदीदाराचे अधिक नुकसान झाले. विश्वस्ताचे खाते, भोगवटा प्रमाणपत्र व अभिहस्तांतरण या तिन्ही तरतुदी १९६३ पासून होत्या.

३) नोंदणी, कर्जमंजुरी व महारेरा क्रमांक यांपैकी कोणतीही बाब जमिनीच्या निर्वेध हक्काची हमी नाही. सातबारा वा मिळकत पत्रिका, फेरफार, मागील व्यवहारांचा शोध अहवाल, मंजूर नकाशा व भोगवटा प्रमाणपत्र यांची स्वतंत्र तपासणी ही आजही खरेदीदाराचीच जबाबदारी आहे.

४) आर्थिक संरक्षण लेखी रकमेपुरतेच मिळते. रोखीने दिलेली व दस्तात न दाखविलेली रक्कम कोणत्याही काळातील कायद्याच्या कवचाबाहेर राहिली.

५) भाड्याच्या उत्पन्नासाठी सदनिका घेणाऱ्यास १९७३ नंतरच्या अनुभवाने नोंदणीकृत परवाना कराराचे महत्त्व पटवून दिले आहे.

६) अभिहस्तांतरणाचा हक्क मागितल्याशिवाय मिळत नाही. ज्या संस्थांनी तो मागितला नाही, त्यांच्या सभासदांच्या नावावर भिंती आहेत, जमीन नाही. जुन्या इमारतींचा पुनर्विकास हा आज राज्यातील शहरांचा मोठा प्रश्न असल्याने या बाबीकडे गृहनिर्माण संस्थांनी व सहकार खात्याने प्राधान्याने लक्ष देणे आवश्यक आहे.

गावाच्या साक्षीने होणाऱ्या विक्रीपासून संकेतस्थळावरील नोंदीपर्यंतच्या या प्रवासात साधने बदलली. विकणाऱ्यास जे माहीत आहे ते घेणाऱ्यास वेळेवर कळले पाहिजे, ही मूळ गरज मात्र कायम राहिली. कायद्याने ती माहिती आता पुष्कळ प्रमाणात उघड केली आहे. ती वाचून मगच सही करणे हे काम खरेदीदाराकडेच उरते.